तळ्यातल्या बेडकांची मालकीण

"मालकाचं नाव?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"बेडकांना मालक नसतो," ती म्हणाली.

"मग रकाना रिकामा राहील. आणि रिकाम्या रकान्याचा अर्ज आत जात नाही, बाई."

पशुरोग कार्यालयात तिची ही तिसरी खेप. कॉलनीमागच्या तळ्यात आठवड्याभरात सतरा बेडूक मेले होते. उरलेले भर उन्हात उघड्यावर बसून राहत, जवळ गेलं तरी उडी मारत नसत, आणि त्यांच्या कातडीचे पापुद्रे सुटत होते. अकरा वर्षं तिचे वडील दर रविवारी ते बेडूक मोजून वहीत लिहीत. दोन महिन्यांपूर्वी ते गेले आणि वही तिच्याकडे आली.

"साहेब म्हणतात, बेडूक मरायचेच," कारकुनाने समजूत घातली.

"साहेबही मरायचेच. म्हणून त्यांना ताप आला तर कुणी बघायचं नाही का?"

तिने पेन उचललं आणि मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव ठोकून दिलं.

"कशाला नसती उठाठेव?" घरी आई म्हणाली. "बेडकांसाठी एवढी वणवण?"

"बाबांचा आजार कळला तेव्हा उशीर झाला होता," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या टेबलावरून नोटीस आली. 'आपल्या मालकीचे आजारी प्राणी सार्वजनिक तळ्यात मोकाट सोडल्याबद्दल खुलासा करावा. प्राणी तत्काळ बांधून ठेवावेत.'

आईने चष्मा लावून ती दोनदा वाचली. "एवढी दावी आणायची कुठून?"

तिने त्याच दिवशी उत्तर धाडलं. 'प्राणी माझेच. आजारी असल्याने बांधता येत नाहीत. मालकाने कळवलेला आजारी प्राणी तीन दिवसांत तपासावा, असं आपलाच नियम नऊ सांगतो. तळ्यावर वाट पाहते.'

तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. उभा जन्म बैलांत गेलेला माणूस.

"पेशंट उडी मारत नाही म्हणता?"

"मारत असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" तिने हातमोज्यांचा गठ्ठा पुढे केला. "एका बेडकाला एक जोडी. आणि इथून निघताना बूट धुवायचे. नाहीतर हा रोग दुसऱ्या तळ्यावर तुम्हीच पोचवाल."

"बैलाचा मालकसुद्धा मला एवढं शिकवत नाही हो."

"बैलाला बोलता येत असतं तर त्यानेच शिकवलं असतं."

डॉक्टरांनी नव्या मोज्यांत हात घातले आणि बेडकांच्या पोटावरून कापूस फिरवून नमुने घेतले.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. कातडीला बुरशीचा रोग, संसर्गजन्य. तळ्याभोवती दोर लागले, जाळी टाकायला बंदी झाली, आणि कार्यालयाच्या नोंदवहीत प्रथमच 'बेडूक' हा शब्द चढला, मालकिणीच्या नावासकट.

पुढच्याच सोमवारी कारकुनाचा फोन आला. आवाज खाली उतरलेला.

"ताई, खाणीतल्या डबक्यातले बेडूकही तसेच बसून आहेत म्हणे. साहेब घाबरलेत. पण मालक म्हणून सही करायला कुणी पुढे येईना. ते... तुमचेच का?"

"माझेच," ती म्हणाली. "मी येईपर्यंत तिथे कुणाला उतरू देऊ नका."