सर्वांनी लाभ घ्यावा

एका जंगलात, मुलांनो, डॉक्टर अस्वले राहायचे. वय भरपूर, केस भरपूर, ऐकायची सवय कमी. मोठ्यांचं असतंच तसं, तुमच्या घरीही असेल.

चितळीच्या पाडसाचे खूर सडत चालले होते. पंधरा दिवस डॉक्टर त्यांवर चिखलाचा लेप थापत होते. पाडस आता उभंही राहीना. उभं न राहणाऱ्या पाडसाचं पुढे काय होतं, ते वाघाला विचारा.

तेवढ्यात वैद्यकीय परिषदेचं निमंत्रण आलं. 'खूरसडीवर नवा उपाय. वक्ते : कासवसर. दुपारी बारा.' खाली ठळक अक्षरांत, 'सर्वांनी लाभ घ्यावा.'

"डॉक्टरसाहेब, तेवढं बाराचं ऐकून या हो," चितळ काकुळतीला आली.

"अगं, त्यासाठीच तर चाललोय!"

मग डॉक्टर बगळ्यांना बोलावून आखणी सुरू झाली. तीन दिवस चालली.

"लाभ पुरेपूर घ्यायचा, बगळे. दीपप्रज्वलनाला पहिली रांग. फोटोत येतो."

"पिशव्या?"

"दोन उचलायच्या. एक हिच्यासाठी म्हणायचं."

"आणि बाराचं कासव?"

"साडेबाराला जेवण. बासुंदी आहे, बगळे! गेल्या वर्षी भाषण ऐकत बसलो नि नुसती खरवड मिळाली. बाराला रांगेत."

चितळीला काही राहवेना. पाडसाला बहिणीपाशी ठेवून ती मागोमाग गेली. छातीवर बिल्ला नाही म्हणून दारावरच्या माकडानं हाकललं. ती मांडवाच्या कनातीमागे उभी राहिली.

आत कासवसर रिकाम्या खुर्च्यांना सांगत होते, "खूर तुरटीच्या पाण्यानं धुवा. कोरड्यात ठेवा. काही शंका?"

"चिखलाचा लेप चालेल का, सर?" कनात बोलली.

"चिखल? कोणत्या गाढवानं सांगितलं?"

"गाढवानं नाही, सर. अस्वलानं."

महिन्याभरात पाडस उड्या मारायला लागलं.

पुढच्या वर्षी व्यासपीठावर डॉक्टर अस्वले होते. विषय, 'खूरसड : माझे यशस्वी उपचार.' वेळ, दुपारी बारा. पुरावा म्हणून पाडसाला बिल्ला लावून आणलं होतं.

"सांग बाळा, कसा बरा झालास?"

"आईनं तुमचा लेप धुऊन टाकला."

ऐकायला कोणी नव्हतं. सगळे रांगेत होते.

"शाब्बास!" म्हणत डॉक्टरही तिकडेच पळाले.

तात्पर्य : परिषदेला गेलात तर बाराच्या आत रांग धरा. ज्ञान काय, कनातीमागून कोणीही नेतं. बासुंदीला बिल्ला लागतो.