दिवंगत अध्यक्षांची पेन्शन

गुणाजीदादा आणि धोंडू, सख्खे भाऊ. दोघंही सरकारी मंडळाच्या एकाच कारखान्यात, एकाच भट्टीपुढे राबले. दादा वर्षभर आधी निवृत्त झाले आणि तिथेच वाट लागली. मधल्या वर्षात पेन्शनचे नियम बदलले. धोंडूला नव्या नियमाने घसघशीत पेन्शन, दादांना जुन्या नियमाने त्याच्या निम्मी. घाटकोपरच्या चाळीत दोघांच्या खोल्या समोरासमोर. धोंडूच्या बायकोने, विमलाने, पापलेट तळलं की दादांच्या ताटातली सुकट आणखीच सुकी लागायची.

"एक वर्ष आधी जल्माक इलंय, ह्यो काय माजो गुन्हो?" दादा भेटेल त्याला विचारत.

हा अन्याय दूर करणारं विधेयक विधानसभेत आलं होतं, पण पुढे सरकत नव्हतं. दादांनी जुन्या पेन्शनरांची संघटना काढली, स्वतःच अध्यक्ष झाले आणि जुन्या नियमाची प्रेतयात्रा काढायचं ठरवलं. बरोबरच होतं. नुसत्या घोषणांना मुंबईत कोण भीक घालतो?

यात्रेच्या सकाळी बघतात तर पुतळ्याचा पेंढा चाळीतल्या शेळीने फस्त केलेला. तिरडी तयार, खांदेकरी तयार, मयत गायब.

"रद्द करूया, दादानू," धोंडू म्हणाला.

"रद्द कित्याक? मी निजतंय. पण यात्रा संपेपर्यंत कोणी हसूचा नाय. मी पण हलूचंय नाय."

माणूस शब्दाचा पक्का. नाकावर माशी बसली तरी दादा हलले नाहीत. बाजाराच्या वळणावर फलकवाले पुढे निघून गेले आणि समोरून पेन्शन कचेरीतले कारकून विद्याधर आले. दर महिन्याला काउंटरवर येऊन भांडणारा चेहरा त्यांनी लगेच ओळखला. भला माणूस तो. डोळ्यांत पाणी आलं, चपला काढल्या आणि रीतीप्रमाणे खांदा द्यायला पुढे झाले. धोंडूचा खांदा भरून आला होताच. त्याने खुशीने जागा दिली. हसायची बंदी असल्याने सगळ्यांचे चेहरे कसे अगदी मयताला शोभतील असे.

बिचाऱ्या विधवेला चकरा नकोत म्हणून विद्याधरांनी त्याच दिवशी दादांची पेन्शन बंद करून सुगंधावहिनींची सुरू करायला घेतली. साहेबांनी दाखला मागितला तेव्हा ते चक्क चिडले. स्वतः खांदा दिल्यावर आणखी दाखला कसला?

आणि नेमकं पुढच्या आठवड्यात विधेयक मंजूर झालं. दादांनी चाळभर पेढे वाटले आणि एक तारखेला इस्त्रीचा सदरा घालून झोकात काउंटरवर गेले. विद्याधरांच्या हातातलं पेन गळून पडलं.

"मी जित्तो आसंय," सगळं ऐकून घेतल्यावर दादा म्हणाले.

"असं कसं, दादा? मी स्वतः खांदा दिलाय तुम्हाला."

"तेव्हाच इचारूचा होता."

"मयताला काय विचारणार? आता एकच उपाय. पेन्शन वहिनींच्या नावावर, त्यांनी येऊन सांगायचं, नवरा हयात आहे. मग नव्या कायद्याची पूर्ण पेन्शन तुम्हाला."

वहिनी आल्या. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. विद्याधरांना कुठे बघावं कळेना. वहिनी शांतपणे बाकावर टेकल्या.

"म्हंजे मी सांगीपर्यंत हे जित्ते नाय?"

"कागदावर नाहीत, वहिनी."

"इतकी वर्षां ह्येंचो पगार किती, माका कळाक नाय. इचारल्यार म्हणत, तुका काय करूचा आसा. जित्ते आसत म्हणान सांगतंय मी. पण पेन्शन दर म्हयन्याक माज्या हातात देवची. तसा आदी लिवा."

विद्याधरांनी तसं लिहून कागद सभा गाजवणाऱ्या अध्यक्षांपुढे सरकवला. मेलेल्या माणसाने भांडायचं तरी कुठल्या तोंडाने? दादांनी सही केली.

बाहेर धोंडू वाट बघत होता.

"काय दादानू, झाली मा बरोबरी?"

"झाली. पण पेन्शन तिच्या हातात गेली." दादांचा आवाज पार खाली गेला होता.

धोंडूने आजूबाजूला बघितलं आणि दादांच्या जवळ सरकला. "मगे आता खरी बरोबरी झाली. माजी पयल्यापासून विमलाच उचलता. तुमका सांगूक लाज वाटा होती."

इतकी वर्षं दादा ह्याच्यावर जळत होते. मग त्यांनी धोंडूच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे भाऊ फुटपाथवर वहिनींची वाट बघत उभे राहिले, कारण चहा प्यायचा होता.