न बसायचं स्टूल

फर्निचरच्या कारखान्यात कारकूनबाईंचा हा तिसरा महिना होता आणि इतक्या दिवसांत त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. यासाठी त्यांना कोणी बक्षीस देणार नव्हतं, पण द्यायला हरकत नव्हती. प्रश्न विचारणं हा बाईंचा जन्मजात स्वभाव. आधीच्या दोन नोकऱ्या त्यांनी याच गुणावर घालवल्या होत्या. पहिल्या ठिकाणी त्यांनी विचारलं होतं, "एकाच पत्राच्या पाच प्रती कशाला?" आणि दुसऱ्या ठिकाणी, "मग साहेब नेमकं काय करतात?" नवऱ्याने त्यांचं नाव 'चौकशीची खिडकी' ठेवलं होतं.

या नोकरीवर रुजू व्हायच्या दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, "हे बघ, तीन महिने हाताची घडी, तोंडावर बोट. कायम झालीस की मग काय विचारायचं ते विचार."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा जमिनीवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. शेजारी खिडकीजवळची आरामखुर्ची रिकामी होती. ती खुर्ची सासूबाईंची. त्या ती इतकी जपून वापरत, की वापरतच नसत. असं का, हे बाईंना सात वर्षं विचारायचं होतं. पण सासूला प्रश्न विचारू नयेत एवढं शहाणपण त्या माहेराहून सोबत घेऊन आल्या होत्या.

आता शनिवारी तीन महिने पुरे होणार होते आणि आज सोमवार होता.

कारखान्यात समोरासमोर दोन शेड होत्या. एक सुतारांची, दुसरी पॉलिशवाल्यांची. मधे एक बोळ, आणि बोळाच्या टोकाला बाईंचं ऑफिस. सुतारांकडे दिवसभर करवतीचं मशीन चालायचं, म्हणून ते एकमेकांशी ओरडून बोलत. पुढे मशीन बंद असतानाही ओरडून बोलत. त्यांचे मेस्त्री घरी बायकोला "मीठ दे" म्हणाले, की शेजारीण मीठ घेऊन येत असे. पॉलिशवाल्यांचं सगळं उलट. ओल्या पॉलिशवर धुळीचा कण बसला की दिवसाची मेहनत वाया, म्हणून त्यांच्याकडे दार बंद, पंखा बंद, चालणं सावकाश आणि बोलणं कुजबुजत. शिंक आली तर बाहेर येऊन शिंकायची. त्यांच्यातल्या एकाच्या घरी चोर शिरला, तेव्हा त्यानेही "कोण आहे?" असं हळूच विचारलं होतं म्हणे.

सुतारांच्या मते पॉलिशवाले शिष्ट होते. पॉलिशवाल्यांच्या मते सुतार रानटी होते. बाईंना मोठं कुतूहल वाटे, की हळू बोलणारी माणसं पॉलिशकडे जातात, की पॉलिश माणसाला हळू बोलायला लावतं? याचं उत्तर त्यांना न विचारताच मिळालं. पाठदुखीमुळे एक सुतार पॉलिशकडे गेला होता. सहा महिन्यांत तो कुजबुजू लागला, आणि जुन्या दोस्तांना म्हणू लागला, "जरा हळू बोला की रे, माणसं आहात ना?"

दोन्ही जमातींचा व्यवहार रोज बोळातच चाले. सुतार तयार खुर्ची आणून पॉलिशवाल्यांच्या दारावर थाप मारत आणि ओरडत, "घ्या!" पॉलिशवाले तिच्यावरून बोटं फिरवत, जिथे खरखरीत लागेल तिथे खडूने गोल काढत आणि न बोलता खुर्ची परत पाठवत. त्या गोलाकडे बघून सुतार जे बोलत, ते ऐकायला लागू नये म्हणून पॉलिशवाल्यांनी दाराला आतून गोधडी ठोकली होती.

आणि याच बोळात, ऑफिसच्या दाराशी, ते स्टूल होतं. जुनं, डागाळलेलं. त्यावर कोणी बसत नसे. दोन माणसं सहा फुटी टेबल उचलून बोळातून जात असली, तरी आधी तिरकी होत, मग तोल सावरत त्या स्टुलाला वळसा घालून पुढे जात. पहिल्याच दिवशी मालकांनी आवाज खाली आणून बाईंना सांगितलं होतं, "त्यावर बसायचं नाही. भावनांचा प्रश्न आहे."

'कुणाच्या?' हा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला आणि वर पाणी प्यायल्या.

तर सोमवारी बाईंना एका सभागृहाच्या चाळीस खुर्च्यांच्या ऑर्डरची फाइल हवी होती. माल शनिवारी जायचा होता आणि फाइल कपाटाच्या डोक्यावर होती. शिडी सुतारांनी नेलेली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बसायचं नाही असं सांगितलं होतं, उभं राहायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्टूल आत ओढलं आणि वर चढल्या. फाइल हाताला लागली, त्याच क्षणी स्टूल डुगडुगलं, काहीतरी कडकन मोडलं, आणि बाई फाइलसकट टेबलावर बसत्या झाल्या. स्टुलाचा एक पाय कपाटाखाली गेला होता.

बाईंनी तो ओढून काढला. त्यांनी स्टूल वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मागच्या दाराने मेस्त्रींना गाठलं.

मेस्त्रींनी कागद उलगडला आणि त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला. "बाई, हे काय करून बसलात?"

"बसले नाही हो. उभी होते."

"अहो, हे पॉलिशवाल्यांचं. त्यांचा पहिला उस्ताद यावर बसून काम करायचा म्हणतात. बावीस वर्षं आम्ही याला धक्का लागू दिला नाही. मोडला तोच पाय आखूड होता, ते मला रोज दिसायचं. सुताराच्या डोळ्याला काय खुपत असेल, विचार करा. पण दुसऱ्याच्या श्रद्धेवर रंधा मारता येतो का?"

"मला तर काही सुचत नाही."

"त्यांना कळता कामा नये. माणसं शिष्ट असतील, पण दुखावलेली बघवणार नाहीत."

मेस्त्रींनी तासाभरात नवा पाय बसवला. राहवेना म्हणून लांबीही बरोबर केली. स्टूल आता खांबासारखं उभं राहत होतं. फक्त तीन पाय काळपट आणि चौथा पांढराफेक, पायमोजा घातल्यासारखा. "रंगाचं काही आमच्याच्यानं होणार नाही," मेस्त्री म्हणाले. "ते तुम्ही बघा."

रंगाचं बघणार कोण? पॉलिशवालेच. आणि त्यांचंच स्टूल त्यांच्याकडे न्यायचं कसं? मंगळवारभर बाईंनी विचार केला. बोळात स्टूल नव्हतं, तरी माणसं सवयीने त्या जागेला वळसा घालतच होती. शेवटी स्टुलाला वरून पोतं गुंडाळलं, पांढरा पाय तेवढा बाहेर ठेवला आणि पॉलिशवाल्यांच्या आताच्या उस्तादांसमोर उभ्या राहिल्या. "घरचं आहे," त्या म्हणाल्या.

उस्तादांनी पाय पाहिला, पोत्याकडे पाहिलं, आणि पोतं बाजूला केलं. मग ते उठून दार आतून लावून आले. "बाई," ते कुजबुजले, "हे तर सुतारांचं."

बाईंचं तोंड उघडलं. प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर आला. पण शनिवार चार दिवसांवर होता. त्यांनी तोंड मिटलं.

"त्यांच्या पहिल्या मेस्त्रीनं स्वतःच्या हातानं केलेलं," उस्ताद सांगत होते. "त्याचं पॉलिश उडालंय, ते मला रोज दिसतं. रोज वाटतं, एक हात मारावा. पण दुसऱ्याच्या आठवणीवर आपला रंग चढवू नये. आता तुम्ही मोडलंच आहे तर नाइलाज. त्यांना मात्र कळू देऊ नका. रानटी असले तरी मनानं हळवी असतात अशी माणसं."

उस्तादांनी चारही पाय असे चमकवले, की स्टूल बोळात परत ठेवल्यावर त्यात समोरची भिंत दिसू लागली. नवा पाय बाहेरच्या सुताराचा असं उस्तादांनी धरलं, आणि पॉलिश बाहेरचं असं मेस्त्रींनी.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण मेस्त्रींनी ही गोष्ट फक्त एका विश्वासू माणसाला सांगितली होती, आणि त्यानेही फक्त एकालाच. उस्तादांनीही तेवढीच गुप्तता पाळली. बुधवारी सकाळपर्यंत दोन्ही शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक झालं, की समोरच्यांचं स्टूल मोडलंय आणि त्या बिचाऱ्यांना पत्ताच नाही.

दोन्हीकडची माणसं एकमेकांशी कमालीची चांगली वागू लागली.

सुतारांनी दारावर थाप मारणं बंद केलं. खुर्ची घेऊन ते बंद दारासमोर नुसते उभे राहत, कोणी सहज बाहेर येईपर्यंत. खुर्ची खरखरीत निघून बिचाऱ्यांना त्रास नको, म्हणून ते ती तीन-तीनदा घासत. तिकडे पॉलिशवाल्यांनी खडू पेटीत ठेवून दिला. बिचाऱ्यांना आणखी कुठे दुखवायचं, म्हणून उरलंसुरलं खरखरीत ते स्वतःच घासत बसत. गुरुवारी तर त्यांनी सुतारांना चहा पाठवला. सुतारांनी कपांकडे पाहिलं.

"यांना कळलं की काय?" एकाने विचारलं.

"कळलं असतं तर चहा पाठवला असता का?" मेस्त्री म्हणाले. तेही आता कुजबुजतच बोलत.

सुतारांनी कप धुऊन, पुसून परत केले. ते चकचकीत कप बघून उस्ताद अस्वस्थ झाले. "यांना संशय आलाय," ते म्हणाले. "उद्या आणखी चहा पाठवा."

या सगळ्या चांगुलपणात रोजच्या दहा खुर्च्यांच्या तीन झाल्या. बाई नोंदवहीत ते आकडे लिहीत होत्या आणि प्रत्येक आकड्यागणिक आपली नोकरी चाललेली पाहत होत्या. तोंड उघडलं तरी जाणार होती, मिटलं तरी जाणार होती.

शुक्रवारी मालक ऑफिसात येऊन धपकन बसले. "बाई, हे लोक संप करणार आहेत."

"मला तर कोणी काही म्हणालं नाही."

"म्हणायला कशाला पाहिजे? सुतार ओरडत नाहीत. पॉलिशवाले चहा पाठवतात. माझ्या वडिलांच्या काळापासून असं कधी झालं नाही. या दोघांची एकी झाली, म्हणजे आपलं काही खरं नाही."

मालकांनी सगळ्यांना बोळात बोलावलं. एका भिंतीला सुतार टेकले, दुसऱ्या भिंतीला पॉलिशवाले. मधे स्टूल चमकत होतं. मालकांनी विचारलं, "तुमच्या मागण्या काय आहेत?" कोणाचीच मागणी नव्हती. "मग काम का होत नाही?" सगळे स्टूल सोडून सगळीकडे पाहू लागले.

बाईंनी ते पाहिलं. त्यांना सासूबाई आठवल्या, घराचा हप्ता आठवला आणि उद्याचा शनिवार आठवला. पण तीन महिने गिळलेले प्रश्न पोटात मावेनासे झाले होते.

"हे स्टूल मी मोडलं," त्या म्हणाल्या. "आणि मला एकच विचारायचं आहे. हे आहे कुणाचं?"

"त्यांचं," सुतार म्हणाले आणि समोर बोट दाखवलं. त्याच वेळी पॉलिशवाल्यांचं बोटही समोरच होतं. बोळात अशी शांतता पसरली, की पॉलिशवाल्यांनाही ती जास्त वाटली.

"आमचं कसं?" उस्ताद म्हणाले. "तुमच्या पहिल्या मेस्त्रीचं ना?"

"आमचा पहिला मेस्त्री मीच," मेस्त्री म्हणाले.

मग सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी घाम पुसला. "मला वडिलांनी सांगितलं होतं, त्यावर कोणाला बसू देऊ नकोस. मला वाटलं, तुमच्या भावना आहेत."

झाडणाऱ्या मावशी कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या त्याच. सगळे यायच्या आत येऊन त्या रोज ते स्टूल उचलत, खालचा केर काढत आणि परत ठेवत. हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

"अहो, त्याचा पाय आखूड होता," मावशी म्हणाल्या. "मोठे मालक एकदा त्यावरून पडले. म्हणाले, यावर कुणी बसू नका, पडाल. दुरुस्त करायचं राहून गेलं."

बावीस वर्षं! मेस्त्रींनी डोळे मिटून घेतले. तेवढं काम त्यांनी तासाभरात केलं होतं.

"आता दुरुस्त झालंय ना?" मालक सुटकेच्या स्वरात म्हणाले. "मग बसा कोणीतरी."

कोणीही बसलं नाही. बावीस वर्षं वळसा घातलेल्या गोष्टीवर एकदम बसणं जमत नाही. थोड्या वेळाने मेस्त्री म्हणाले, "तसं बघितलं तर पाय आम्ही बसवला. म्हणजे आता ते आमचंच."

"पाय?" उस्ताद म्हणाले. "चमकतंय ते काय पायामुळे?"

"पायाशिवाय चमकलं असतं का?"

"जरा हळू बोला."

"नाही बोलणार!" मेस्त्री ओरडले, आणि बोळातल्या प्रत्येकाला हायसं वाटलं. पाच मिनिटांत करवत सुरू झाली. दारावर थाप पडली, "घ्या!" आतून खुर्ची परत आली, तिच्यावर खडूचे चार गोल. शनिवारी दुपारी चाळिसावी खुर्ची गाडीत चढली.

मालकांनी बाईंच्या हातात कायम झाल्याचं पत्र दिलं. "बाई, तुमच्याबद्दल मी आधीच्या ठिकाणी चौकशी केली होती. तुम्ही फार प्रश्न विचारता म्हणाले. म्हणूनच तुम्हाला घेतलं. तीन महिने वाट बघून मी थकलो हो."

बाई घरी आल्या. सासूबाई जमिनीवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. नवरा सतरंजीवर भिंतीला टेकून पेपर वाचत होता. खिडकीजवळ आरामखुर्ची रिकामी. बाईंनी पत्र कपाटात ठेवलं आणि पर्सही न काढता विचारलं, "आई, तुमच्या खुर्चीवर तुम्ही बसत का नाही?"

सासूबाईंचा तेलाचा हात थांबला. "माझी? ती तुझी ना? लग्नाच्या आठवड्यात आली. म्हटलं, सुनेची खुर्ची, आपण कशाला बळकावायची. पहिल्याच दिवशी तिला वाटायचं, सासू हक्क गाजवते."

दोघींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पेपर सावकाश खाली केला.

"मी माझ्यासाठी आणली होती," तो म्हणाला. "पाठ दुखते माझी. पण तुम्ही दोघी तिच्याजवळून इतक्या अदबीनं जायचात, की मला वाटलं, काहीतरी कारण असेल."

मग सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सरळ खुर्चीपाशी गेल्या आणि तिच्यात टेकून बसल्या. त्यांनी पाय लांब केले आणि सात वर्षांचा एक सुस्कारा सोडला.

"सूनबाई," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "हे आधी नाही का विचारायचं?"