सगळ्यांचे वेढे गेनूला

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह होता आणि त्याला हत्तीचा फार राग यायचा.

हत्तीने काही केलं नव्हतं. तो फक्त उंच होता. मुजरा करायला आला तरी सिंहाला मान वर करून तो मुजरा घ्यावा लागे. राजाची मान दुखायला लागली. मग राजाने ठरवलं, वडाच्या झाडावर मनोरा बांधायचा आणि त्यावर बसून हत्तीकडे खाली बघायचं. मान दुखते म्हणून कुणी मनोरा बांधतं का, असं विचारू नका. राजाची मान आहे ती. तुमच्याआमच्या मानेला बाम लावतात.

काम वानरांना मिळालं. कोल्होबाला झाडावर चढता येत नव्हतं, म्हणून तो ठेकेदार झाला.

जंगलात एक नियम होता. उंचावर काम करणाऱ्याने आपल्या शेपटाचा वेढा घातलाच पाहिजे. फांदीला एक घट्ट वेढा घातला की पाय सटकला तरी शेपूट धरून ठेवतं. नियम फारच चांगला होता. रोज सकाळी पोपट तो म्हणून दाखवायचा. सगळे वानर छातीवर हात ठेवून "घालीन, घालीन, वेढा घालीन" अशी शपथ घ्यायचे. मग शेपटं मोकळी हलवत वर चढायचे.

नियम पाळला जातो की नाही हे बघायला एक सुरक्षा अधिकारीही होता. गिधाड. हसू नका रे! दरबाराने नीट विचार करून नेमला होता त्याला. उंचावरून खाली काय पडलं हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? गिधाडाला. मग त्याच्याहून लायक कोण? स्वभावाने अगदी गोड. कुणाला "अरे" म्हणून हाक मारायचा नाही. फक्त नव्या कामगाराची ओळख झाली की अदबीने विचारायचा, "वजन किती हो आपलं?"

आता गेनू. गेनू वानर काही भित्रा नव्हता, पण त्याची बसायची जागा वाईट होती. मनोऱ्याच्या परांचीवर तो बांबू बांधायचा, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, वरच्या फळीवर, रंगराव काम करायचा. हा रंगराव म्हणजे गेनूच्या धाकट्या मेहुणीचा, पारूचा नवरा, त्याचा साडू. अंगाने दणकट, मिशीवाला. मिशीला पीळ द्यायचा तो शेपटाने. शेपटानेच केळ धरायचा, शेपटानेच पाठ खाजवायचा. फांदीला वेढा घालायला शेपूट मोकळं असायचंच कधी?

"रंगराव, वेढा घाला हो," गेनू खालून म्हणायचा.

"साडू, माझ्या आज्याने कधी वेढा घातला नाही. माझ्या बापाने घातला नाही."

"कुठे असतात ते?"

"पडले ना! दोघंही पडले. पण वेढा नाही घातला!"

यावर बाकीचे वानर कौतुकाने माना डोलवायचे. "वाघ होते, वाघ," म्हणायचे. वानरांमध्ये ही फार मोठी स्तुती समजतात.

एके दिवशी रंगरावचा पाय सटकला. तो एका हाताने लोंबकळला, हसला आणि पुन्हा वर चढला. त्याच्या हातातला बांबू मात्र गेनूच्या कानाला चाटून खाली गेला. गेनूला भीती वाटली. आधी स्वतःचीच वाटली, खोटं कशाला बोला? पण मग रंगरावची वाटली, आणि ती जाईचना. कारण रंगराव वाईट नव्हता. गेनू तापाने फणफणला होता तेव्हा रोज उंबरं आणून देणारा हाच. हे कामही त्यानेच मिळवून दिलं होतं. अशा माणसाची, म्हणजे वानराची, तक्रार करायची तरी कशी? आणि नाही करायची तरी कशी?

गेनूने बायकोला विचारलं. सगुणा म्हणाली, "तक्रार केलीत तर पारूला मी काय तोंड दाखवू? आणि नाही केलीत नि रंगराव पडले, तर पारूला मी काय तोंड दाखवू?"

"मग करू काय?"

"ते तुम्ही बघा. मला तोंड एकच आहे."

"पारूलाच सांगू का?" गेनूने विचारलं. कारण रंगराव सिंहाला भीत नव्हता, पण पारूला भ्यायचा. ती नुसती भुवई उचलायची आणि त्याच्या तोंडातलं केळ बाहेर यायचं.

"खबरदार!" सगुणा म्हणाली. "तिला कळलं तर मनोऱ्यावर चढून, कान धरून खाली आणेल त्यांना. चार वानरांत शोभा होईल. बायकांना असल्या गोष्टी सांगतात का कधी?"

हे ती स्वतः बायको असून म्हणाली. चालतं. जंगल आहे.

मग गेनू कोल्होबाकडे गेला. कोल्होबाने त्याला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"गेनू, बाबा, नीट ऐक. तक्रार आली की काम थांबतं. काम थांबलं की महाराज चिडतात. महाराज चिडले की कुणालातरी खातात. म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने बघितलंस, तर तक्रार न करणंच सुरक्षित, नाही का?"

गेनूला यातलं चुकलं कुठे ते सापडेना. तो तसाच गिधाडाकडे गेला.

"रंगराव पडले का?" गिधाडाने आस्थेने विचारलं.

"नाही, अजून नाही."

"मग अपघात कुठे आहे?"

"साहेब, पण होईल ना!"

"होईल तेव्हा या. किंवा येऊ नका, मी असेनच तिथे." मग त्याने जरा मान वाकडी करून विचारलं, "वजन काय असेल हो रंगरावांचं?"

गेनू घरी परतेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. ठेकेदाराच्या पोटात काय राहतं? दुसऱ्या दिवसापासून एकही वानर गेनूच्या उवा काढेना. वाळीत टाकणं म्हणतात ते हेच. गेनू मधल्या सुट्टीत पाठ पुढे करून बसायचा आणि सगळे वानर ढगांकडे बघायचे. रंगराव तेवढा येऊन बसायचा. उवा नाही काढायचा, पण शेजारी बसायचा.

"साडू, मला कशाला मारायला निघालात?" एकदा तो म्हणाला.

"मारायला? अहो, वाचवायला!"

"वाचलेलाच आहे की मी. हा काय समोर बसलोय."

आणि खरंच बसला होता.

तरी पण गेनूला राहवेना. एके सकाळी शपथ झाली. पोपटाने नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही सांगायचंय? नाही ना? छान." तेवढ्यात गेनू उठून उभा राहिला. नेमके त्याच दिवशी सिंहमहाराज मनोरा बघायला आले होते.

"सांगायचंय," गेनू म्हणाला. "इथे कुणीच वेढा घालत नाही. माझा साडू तर मुळीच घालत नाही. तो पडेल. मला तो पडायला नकोय."

पोपटाच्या तोंडातली मिरची पडली. सिंहाने अशी डरकाळी फोडली की हत्तीनेही कान मिटले.

"आजपासून ज्याचा वेढा नसेल, त्याला मी खाईन! आणि मनोरा पौर्णिमेला तयार नसेल, तर ठेकेदाराला खाईन!"

आता कोल्होबाला घाम फुटला. वेढा घालायचा, सोडायचा, पुढच्या फांदीवर जायचं, पुन्हा घालायचा. असं काम केलं तर पुढची दिवाळी उजाडेल. पण कोल्हाच तो. त्याने पोपटाला नियम पुन्हा म्हणायला लावला. "उंचावर काम करणाऱ्याने आपल्या शेपटाचा वेढा घातलाच पाहिजे." कोल्होबाचे डोळे चमकले.

"कशाला घालायचा ते कुठे म्हटलंय? गेनूला घाला!"

"मला?" गेनू ओरडला.

"काळजी कुणाला आहे? तुला. भरवशाचा कोण आहे? तू. गेनूने आपलं शेपूट फांदीला बांधायचं, बाकीच्यांनी आपापली गेनूला. झाला की नियम!"

पहिला वेढा रंगरावने घातला, तोही गेनूच्या कमरेला, अगदी प्रेमाने. मग एकेक वानर येत गेला. कुणी दंडाला घातला, कुणी मांडीला, जागा उरली नाही तेव्हा दोघांनी गळ्याला. शेपटं कमी पडली तिथे वेली जोडल्या. कोल्होबाने गेनूला झेंडूची माळ घातली आणि त्याला 'सुरक्षा खांब' अशी पदवी दिली. गेनूचं बांबू बांधायचं काम बंद झालं. आता त्याने फक्त मधोमध बसून राहायचं होतं.

"अहो, माझं एकच शेपूट आहे," गेनू म्हणत राहिला. "सगळे एकदम पडलात तर?"

"सगळे एकदम कशाला पडतील?" वानर म्हणाले. "वेडा का खुळा तू?" पण आता त्यांनी त्याच्या उवा काढायला सुरुवात केली. खांब स्वच्छ हवा ना.

एक मात्र झालं. पूर्वी वानर निदान हाताने तरी घट्ट धरायचे. आता वेढा आहे म्हटल्यावर हातही सोडायला लागले. फळीच्या टोकावर उभं राहून वाकून दाखवायचे, एकमेकांना टाळी द्यायचे.

पौर्णिमा आली. मनोरा उभा राहिला. खाली सगळं जंगल जमलं. महाराज आले, दरबारी आले, गिधाड गळ्याला स्वच्छ फडकं बांधून पहिल्या रांगेत बसलं. फक्त शेंड्यावर तोरण लावायचं राहिलं होतं. ते लावायला रंगराव चढला. एका हातात तोरण, दुसरा हात मिशीवर, कारण शेपूट आता कामात होतं.

आणि त्याचा पाय सटकला.

तो गेनूच्या नाकासमोरून सर्रकन खाली गेला. गेनूने डोळे मिटले, दात आवळले, चारी हातपायांनी फांदी कवटाळली. कमरेला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण शेपूट टिकलं! रंगराव अधांतरी झुलत राहिला, जिवंत, तोरणासकट.

"साडू!" तो खालून ओरडला. त्याचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "साडू, तुम्ही बरोबर होता हो!"

गेनूला रडूच आलं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

सिंहमहाराज उठून उभे राहिले. "वा! याला म्हणतात सुरक्षा! टाळ्या वाजवा!"

राजाची आज्ञा. मनोऱ्यावरच्या सगळ्या वानरांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी. पुढे वाकून, महाराजांना दिसाव्यात म्हणून.

काय झालं ते सांगायला हवं का? एक घसरला, त्याने दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळ्यांचा भार आला एकट्या गेनूच्या शेपटावर. ते तुटलं, आणि त्या हिसक्याने गेनूच्या अंगावरचे सगळे वेढे सुटले. गेनू फांदीला चिकटून राहिला. इतर वानर आदळत आपटत खालच्या फांद्यांत अडकले. कुणाचा हात मोडला, कुणाचे दात पडले. रंगरावच्या खाली फांदी नव्हती. नुसती हवा होती, आणि मग जमीन.

गिधाड सगळ्यात आधी पोचलं. बोलल्याप्रमाणे.

चौकशीही त्यानेच केली. जरा उशिराने केली, कारण जेवणानंतर त्याला डुलकी लागली होती. निकाल असा: रंगरावांचा वेढा नियमाप्रमाणे होता. सर्व कामगारांचे वेढे नियमाप्रमाणे होते. अपघात गेनूच्या शेपटाच्या अशक्तपणामुळे झाला. त्यातून आता गेनूला शेपूटच नव्हतं, म्हणजे तो नियम पाळूच शकत नव्हता, म्हणून त्याला कामावरून काढण्यात आलं. कोल्होबाला सुरक्षेचं बक्षीस मिळालं. महाराज मनोऱ्यावर चढून बसले. हत्ती मात्र आदल्याच दिवशी शेजारच्या जंगलात राहायला गेला होता.

तेराव्या दिवशी गेनू पारूकडे गेला. उंबराखाली ती एकटीच बसली होती. गेनू मान खाली घालून म्हणाला, "पारू, मी सगळ्यांना सांगितलं गं. रंगरावला सांगितलं, ठेकेदाराला सांगितलं, साहेबाला सांगितलं, महाराजांना भर सभेत सांगितलं. कुणीही ऐकलं नाही."

पारूने भुवई उचलली.

"दाजी," ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

गेनूला शेपूट असतं तर त्याने ते पायांत घातलं असतं.

तात्पर्य: सोबत्याचा जीव धोक्यात दिसला की शहाण्याने आधी आपलं शेपूट चाचपावं. ते सगळ्या गावाचा भार पेलण्याइतकं जाड नसेल, तर डोळे मिटून आपलं काम करावं आणि सांगितल्यावर टाळ्या वाजवाव्यात. त्याने सोबती वाचत नाही, पण चौकशीत आपलं नाव येत नाही. आणि बाळांनो, बायकांना असल्या गोष्टी अजिबात सांगू नयेत. त्या ऐकतात.