मडमेची आंघोळ

सुदाममामांच्या घरी दर रविवारी मडमेची आंघोळ असायची. बी.ए.साठी मी अमरावतीत खोली घेतली, तेव्हा पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडून आवाज आला, "मडम, हालू नको वं. पाय धुवाचे राह्यले तुये." मी भातकुलीचा, घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा पहिलाच. शेजारी गोऱ्या बाईचा नवरा राहतो, अशा समजुतीनं मी दोन दिवस तिकडे मान वळवली नाही.

मडम म्हणजे दौऱ्यावर न्यायचा पितळी स्टोव्ह. पाय आणि बर्नर काढले की टिनाच्या डब्यात मावणारा. मामा जंगल खात्यात तंबू ठोकणारे खलाशी होते. गोऱ्या साहेबामागे सारा मेळघाट हिंडले. निरोप घेताना साहेबानं तो स्टोव्ह त्यांनाच देऊन टाकला. मामा तो सुटा करत, टाकी चिंचेनं घासत, पंपाचं चामडी वायसर तिळाच्या तेलात भिजवत, बर्नरच्या भोकात पिन फिरवत आणि सगळं पुसून डब्यात ठेवत. पेटवत मात्र कधीच नसत. स्वतःची भाकर चुलीवर. चिखलदऱ्याला सहलीला निघालेल्या वकिलांनी एकदा स्टोव्ह मागितला, तर म्हणाले, "मडम लोकाच्या घरी जात नाही."

माझी त्यांची ओळख माझ्याच मूर्खपणानं झाली. आमच्या घरी जन्मभर चूल. मी जुना स्टोव्ह विकत घेतला, टाकी काठोकाठ भरली आणि स्पिरिट न घालताच काडी लावली. जाळ आढ्याला. मामा धावत आले, टाकीचा स्क्रू ढिला करून हवा सोडली, आणि मग माझ्यावर पेटले.

"अबे बी.ए., गळ्यापर्यंत तेल भरते का कोनी? टाकीले दम घ्याले जागा ठेवशील का नाही?"

गल्लीतले सगळे स्टोव्ह त्यांच्याकडेच येत. मामा आधी कान लावत. फरफर आवाज आला तर "सर्दी", पंप पोकळ चालला तर "दमा". समोरच्या मास्तरांना त्यांनी चारचौघांत सुनावलं होतं, "मास्तर, तुमी पोरायचा राग पंपावर काढून राहिले. वायसर पाहा कसं फाटलं!" मास्तरीणबाई आतून खुदकन हसल्या. मास्तर आठ दिवस मामांशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्टोव्ह घेऊन आले.

श्रावणात माझ्या आईला सरकारी दवाखान्यात भरती केलं. विषमज्वर. डॉक्टरांनी बजावलं, पातळ आणि ऊनच द्यायचं. पोटात काही गेलं नाही तर औषधाचा उपयोग नाही. पेशंटची माणसं तिथं आवारातच तीन विटा मांडून रांधत. पण पावसाची झड लागली होती, लाकूड पेट घेईना. माझ्या स्टोव्हचा बर्नर त्याच आठवड्यात फुटला, नवा अकोल्याहून यायचा होता. खोलीवरून नेलेलं वाटेत गार होई. दोन दिवस आईनं घोटभरही घेतलं नाही.

मी मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो. वकिलांना मिळालेलं उत्तर मला ठाऊक होतं.

"काहून उभा आहे बे खांबासारखा?"

मी सांगितलं. मामा आत गेले. मी परत वळलोच होतो, तर ते टोपी घालून बाहेर आले. काखेत टिनाचा डबा, हातात गाळलेल्या घासलेटची बाटली. "चाल."

दवाखान्याच्या ओसरीत मडम पेटली. निळी ज्योत, एकसारखा घूं आवाज. मुगाचं पाणी उकळलं. मामा वाटी घेऊन स्वतः खाटेपाशी गेले. आईनं एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला.

"ऊन आहे, भाऊ," ती म्हणाली.

मामा ओसरीत येऊन खाली बसले. स्टोव्हकडे बोट केलं.

"साहेबाचा च्या होये याच्यावर, तिकडे जंगलात," ते म्हणाले. "अन् इकडे माही बायको याच दवाखान्यात होती. असेच झडीचे दिवस. घोटभर ऊन पाणी द्याले कोनी नव्हतं तिले. मले चिठ्ठी भेटली, तवा सारं आटोपलं होतं."

तेवढ्यात एक बाई दुधाचा गडवा घेऊन आली. "मामाजी, लेकरासाठी एवढं ऊन करून देता का?" मामांनी गडवा घेतला.

बाराव्या दिवशी आई बरी होऊन भातकुलीला गेली. दुसऱ्या दिवशी तिनं धाडलेल्या भाकरी द्यायला मी मामांकडे गेलो, तर दाराला कुलूप. दवाखान्यात गेलो. मामा ओसरीत मडमेपुढे उकिडवे बसले होते आणि पाचसहा माणसं गडवे, गंज, वाट्या घेऊन वाट पाहत होती.

मला पाहताच ते दचकले. "काहून आला? माय बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मंग अभ्यास कर जाय. इथं गर्दी नको करू."