वाळायला ठेवलेली श्रद्धांजली

राजेंद्र उतेकरने रविवारी सकाळी नऊ वाजता आपल्या सख्ख्या चुलत्यांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं, दोन पावलं मागे सरकला आणि मान तिरकी करून बघत राहिला.

"मात्रा बघ," तो मुश्ताकला म्हणाला. "दोन्ही एका मापात उतरल्यात. तीन महिन्यांत पहिल्यांदा."

चुलते अर्थातच जिवंत होते. पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वस्ती. या वेळेला ते ओट्यावर बसून खोकत असणार, हे राजेंद्रलाही माहीत होतं.

"जित्या मानसाला कैलासवासी करतोस, तुला काय वाटत नाय?" मुश्ताक म्हणाला. मुश्ताक कुवेतला बारा वर्षं काढून महाडला परतला होता. आता त्याचे दोन टेम्पो होते, एक गोडाऊन होतं, आणि त्या गोडाऊनच्या कोपऱ्यात तो कलमाने उर्दू अक्षरं काढायचा. राजेंद्रची आणि त्याची दोस्ती शाईवरून जमली होती आणि बोरूला काप कसा द्यावा यावरून दर रविवारी मोडत होती.

"ही प्रॅक्टिस आहे रे."

"मंग माझ्या नावाची कर. मी तरी धडधाकट हाय."

"तुझ्या नावात काही नाही. काकांचं बघ, भागोजी. भ, ग, ज. एका नावात एवढी वळणं! असं नाव मिळायला नशीब लागतं."

हौशी सुलेखनकाराला नशीब म्हणजे काय वाटतं, हे यावरून समजावं. ही जमातच वेगळी. हे लोक लग्नाला जातात आणि नवरीपेक्षा पत्रिका जास्त वेळ बघतात. महागाचा कागद आणतात आणि त्यावर लिहायचं धाडस होत नाही म्हणून गादीखाली घालून ठेवतात. राजेंद्र शेजाऱ्याला स्कूटर द्यायचा, पण बोरूला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. हिरड्याची शाई तो घरी उकळायचा आणि ती भरायला बायकोच्या, मंजुळाच्या, लोणच्याच्या बरण्या पळवायचा. त्या घरात लोणचं मात्र प्लास्टिकच्या डब्यात असायचं.

भागोजीकाकांचं दुखणं दिवाळीनंतर कळलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, खाली ठेवला आणि म्हणाले, "घरी न्या. मागतील ते खायला घाला." राजेंद्र सहा वर्षांचा असताना बाप गेला, तेव्हा याच काकांनी त्याला सांभाळला होता. पावसाळ्यात ओढा भरला की त्याला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचे. स्वतः शाळेची पायरी कधी चढले नव्हते. राजेंद्र काकांना वस्तीवर सोडून आला, मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडला आणि त्या रविवारी नवा बोरू तासायला बसला.

त्याने मनाशी ठरवलं होतं. वस्तीतलं कुणी गेलं की खाली फाट्यावर फ्लेक्स लागायचा. त्यावर मोबाईलमधून काढलेला धुरकट फोटो, मागे ढग, अक्षरं जाड आणि बेढब. काकांच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही. काकांचा बोर्ड हाताने लिहिलेला असेल, आणि तो बघून माणूस रस्त्यात थांबेल.

मंजुळा दर रविवारी सांगायची, "अहो, लिहिता कसले? एकदा जाऊन भेटून या."

"पुढच्या रविवारी नक्की."

असे तेरा रविवार गेले. खरं कारण राजेंद्रने बायकोलाच काय, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. काका समोर बसून खोकले असते तर त्यांच्याशी काय बोलायचं, ते त्याला कळत नव्हतं. अक्षरांशी कसं बोलायचं ते कळत होतं.

आज पहिल्यांदा त्याने प्लायवूडच्या फळीवर जाड कागद डकवून पूर्ण मजकूर उतरवला. 'कै. भागोजी गोमाजी उतेकर यांस भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली कोपऱ्यात सवयीप्रमाणे तारीख टाकली. प्रत्येक कागदावर, अगदी रद्दीवर गिरवलेल्या बाराखडीवरही, त्या दिवसाची तारीख घालायची, म्हणजे हात कधी सुधारला ते कळतं, अशी त्याची शिस्त होती.

"झाला?" मुश्ताकने विचारलं.

"छे. 'श्र' चा पाय अडखळलाय. पुन्हा लिहायला लागणार." त्याने फळी मुश्ताकच्या गोडाऊनबाहेर उन्हात, रंगाच्या डब्यांच्या खोक्यांना टेकवून वाळायला ठेवली आणि दोघं कोपऱ्यावर चहाला गेले. चहाबरोबर बोरूच्या कापाचा विषय निघाला, त्यामुळे दोन तास मोडले.

परत आले तेव्हा खोकी नव्हती, टेम्पो नव्हता आणि फळीही नव्हती.

मुश्ताकने ड्रायव्हरला स्पीकरवर फोन लावला. फुरकान हा पन्नाशीचा, पाच वेळा नमाज पढणारा, कुणाच्याही मयतीला आधी पोचणारा सज्जन माणूस. जगात जास्तीत जास्त घोटाळे सज्जन माणसंच करतात.

"फुरकानभाई, बाहेरची फळी कुठं हाय?"

"तुम्ही बोलला ना, बाहेर हाय ते सगला भर नि पोलादपूरला टाक. फली वाचली. राजेंद्रभाऊंचा चुलता! भाऊ रडत बसले असतील, त्यांना कशाला त्रास द्यायचा? खोकी नंतर टाकू म्हटला. आधी सीधा उमरठच्या फाट्यावर आलो. माज्या हातानं बांदलाय बोर्ड. हार बी घातला, माज्या तर्फे. भाऊंना सांगा, सबर करा."

राजेंद्र स्कूटरची किल्ली शोधू लागला. मुश्ताकने फोन तोंडाजवळ धरला.

"काढ तो बोर्ड!" तो ओरडला.

"आता कसा काढू, भाई? पन्नास मानूस जमलाय. मी तर परत निघालो."

वस्तीवर मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे काकांच्या घरी कळवायची सोय नव्हती. रेंज होती ती फाट्यावर, आणि फाट्यावरच्या दुकानदाराने तिचा पुरेपूर उपयोग केला होता. बोर्ड बांधून पाच मिनिटं होत नाहीत तोच त्याने काकांच्या मुलाला, चांगूला, भांडुपला फोन केला होता. चांगू दोन वर्षांत गावाकडे फिरकला नव्हता. आधी सुट्टी नव्हती, मग गाड्यांना गर्दी होती, मग मुलांच्या परीक्षा होत्या. आता मात्र तो अर्ध्या तासात गाडी करून, चौदा माणसं भरून निघाला होता. राजेंद्रने लावला तर त्याचा फोन सारखा बिझी. सगळा गाव त्याच्याशी बोलत होता.

दोघं स्कूटरवर बसले. काकांच्या कानावर जायच्या आत ती फळी उतरवायची, एवढंच राजेंद्रच्या डोक्यात होतं. आपण मेल्याची बातमी काकांना आपल्याच पुतण्याच्या अक्षरात मिळावी, याहून वाईट त्याला काही सुचत नव्हतं.

फाट्यावर पोचेपर्यंत एक वाजला. टोप्या काढून माणसं उभी होती. राजेंद्रला बघताच दोघातिघांनी त्याला मिठी मारली. तो काही बोलायला तोंड उघडी आणि कुणीतरी त्याचं तोंड खांद्यावर दाबून धरी.

"रड, रड. मोकला हो."

"अहो, पण काका..."

"बापासारखाच हुता रे तुला. आमाला काय म्हायती नाय?"

"पन बोर्ड लय झ्याक लिवलास हां," सरपंच डोळे पुसत म्हणाले. "फ्लेक्सच्या तोंडात मारतोय. माझ्या आयशीचा असाच करायचा हुता."

आणि इथे राजेंद्रच्या हातून एक गोष्ट घडली, तिची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली. त्याने मिठीतून मान वर काढून बोर्डाकडे पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, की लांबून 'श्र' तितका वाईट दिसत नाही.

मुश्ताकने त्याच्या बरगडीत कोपर मारलं आणि मोठ्याने सांगून टाकलं. "ऐका हो! म्हातारा जिता हाय! हा बोर्ड चुकून आलाय."

मग कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "मानूस गेला की पयला असाच वाटतो. पानी द्या त्याला."

"बाया रडायला वस्तीवर गेल्या का?" राजेंद्रने घाबरून विचारलं.

"कवाच्या गेल्या. लाकडा बी गोला करतायत."

कुणी गेलं की प्रत्येक घराने एक लाकूड द्यायचं, ही त्या वस्तीची रीत. राजेंद्र पायवाटेने धावत सुटला. चढावर त्याचा श्वास लागला. वळणावर त्याला समोरून एक माणूस उतरताना दिसला. डोक्याला धुवट टोपी, अंगात सणासुदीचा सदरा, खांद्यावर आंब्याचं वाळकं लाकूड. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, खोकायचा, पुन्हा दोन पावलं टाकायचा. मागून गोदूकाकू ओरडत येत होत्या. "अवो, ठेवा तो खाली! तुमच्यानं होयाचा नाय!"

ते भागोजीकाका होते.

"राजा, तू आलास?" काकांचा चेहरा उजळला. "बरा झाला. अरे, कोन गेला? कोन सांगत नाय. बाया रडत वर आल्या, मला बघितला नि किंचाळून पलाल्या. म्हटला जवलचाच कोन असेल. लाकूड द्यायला नको?"

राजेंद्रने पुढे होऊन ते लाकूड घेतलं. काकूंना सगळं कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्या पुतण्याकडे बघत होत्या आणि नवऱ्याला काही सांगत नव्हत्या.

"काका, घरी चला."

"घरी कसा? मयतीला निघालेला मानूस मागं फिरत नाय." आणि काका खाली चालू लागले.

त्यांना बघून फाट्यावरची गर्दी दुभंगली. सरपंचांनी टोपी घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. दुकानदार दुकानात जाऊन उगीचच साखर मोजायला लागला. काका धापा टाकत बोर्डापुढे उभे राहिले. हार होता, फुलं होती, उदबत्ती जळत होती. फोटो मात्र नव्हता.

"कोनाचा हाय रे? वाच की."

कुणी पुढे येईना. पन्नास माणसांत त्या घटकेला एकालाही वाचता येत नव्हतं. तेव्हा राजेंद्रनेच वाचलं. आपलंच अक्षर त्याला अडखळत वाचावं लागलं. 'कै.' पासून 'श्रद्धांजली' पर्यंत आणि मग खालची तारीखही.

काकांना खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी गुडघ्यावर हात टेकून जाऊ दिली.

"तू लिवलास?"

"हो."

"आजच?"

"आजचा हा. पण तीन महिने लिहितोय, काका. दर रविवारी." आता लपवण्यात अर्थ नव्हता. राजेंद्र मान खाली घालून उभा राहिला. काकांनी शिव्या घालाव्यात, थोबाडीत मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"दर रविवारी?"

"हो."

"बघ गो," काका काकूंकडे वळले. "मी म्हनतोय, पोरगा येत का नाय. दर रविवारी माझा नाव काढीत बसला हुता. तू उगीच बोलत हुतीस त्याला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. राजेंद्रला वाटलं होतं त्यापेक्षा ही थोबाडीत फार जोरात बसली. त्याने झटकन पुढे होऊन हार काढला आणि फळीची दोरी सोडायला घेतली. एवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. चांगूचा होता. एवढ्या वेळाने लागला तो नेमका आता.

"राजादादा!" चांगू हुंदके देत होता. आवाज इतका मोठा होता की फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू येत होतं. "आम्ही चौदा जण वडखळला पोचलोय. उचलू नका रे! मी येईस्तोवर उचलू नका! मला एकदा तोंड बघू दे!"

राजेंद्रने काकांकडे पाहिलं. एक शब्द सांगायचा होता, की तुझा बाप जिवंत आहे. चौदा माणसांची गाडी वडखळवरूनच उलटी फिरली असती. चांगू आनंदाने रडला असता, पुढच्या सुट्टीत नक्की येतो म्हणाला असता, आणि संध्याकाळपर्यंत भांडुपला जेवायला पोचला असता. काकांनाही हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, पण नाही म्हणूनच.

"दादा, ऐकतोस ना?"

"ऐकतोय," राजेंद्र म्हणाला. "नाही उचलत. तू ये."

फोन बंद झाला. सरपंच, दुकानदार, मुश्ताक, सगळे भागोजीकाकांकडे बघत होते. काका बोर्डाखालच्या दगडावर बसले आणि त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"तो हार घाल परत," ते म्हणाले. "नि दोरी नीट आवल. चांगू लांबून बघंल."

राजेंद्रने हार घातला.

"वडखलवरनं किती लागतो रे?"

"तीन तास, काका."

"तीन तास," काकांनी बोटांवर काहीतरी हिशोब केला आणि काकूंना म्हणाले, "चौदा मानसा म्हनतायत. भात जास्त टाक."