अंतोन मास्तरांचं वाकडं तोंड

सणासाठी मी आमच्या पंपाच्या खोलीची भिंत चुन्यानं पांढरी करून घेतली, आणि चुना सुकतो न सुकतो तोच तिच्यावर एक तोंड उगवलं. माणसाचं, चांगलं पाटाएवढं. त्याची एक बाजू जागच्या जागी होती. दुसरी मेणबत्तीसारखी वितळून खाली ओघळली होती. ओठाचा कोपरा लोंबलेला, डोळा अर्धा मिटलेला. खाली कोळशानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘असं दिसलं तर तेल नको, दवाखाना.’

चित्रकार शोधायची गरज नव्हती. कोरी भिंत बघवत नाही असा आमच्या वटार गावात एकच माणूस होता: आमचे शेजारी अंतोन मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मी जाब विचारायला गेले तर म्हणाले, “बाय, भिंत तुमची आहे, पण तोंड गावाचं आहे. सणाला किती माणसं येतील, विचार करा.” माझ्या कामांच्या यादीत ‘पाहुण्यांची भूक मारणे’ हे काम नव्हतं, पण ते मास्तरांनी परस्पर उरकलं. माझी नणंद भिंतीकडे पाठ करून जेवली.

ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची. तेव्हा आमच्याकडे कुणाला लकवा झाला तर ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत. वारंच ते, तेव्हा इलाजही वाऱ्यावरचा. दारंखिडक्या बंद करायच्या, रोग्याला घोंगडीत गुंडाळायचं, कबुतराच्या रक्तानं चोळायचं, आणि चांदीप गावाहून कुणाचं तरी तेल येईपर्यंत थोडी ब्रँडी पाजायची. एवढं करून माणूस गेला, तर वारं फार जोराचं होतं.

त्या सणाच्या आधी एका रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या सभागृहात मुंबईचे एक डॉक्टर भाषणाला आले. वाढलेला रक्तदाब, मीठ, तंबाखू आणि त्यातून मेंदूला होणारा अपाय, असा विषय. गाव चहा आणि केकसाठी आलं होतं. ऐकलं ते एकट्या अंतोन मास्तरांनी, आणि असं ऐकलं की पुढे आम्हा सगळ्यांना ते रोज ऐकावं लागलं.

“वारं शिडाला लागतं, माणसाला नाही. हे रक्ताचं काम आहे,” हे त्यांचं पालुपद. लग्नात, बारशात, मयतीत, कुठेही. मयतीत तर विशेष, कारण तिथे माणसं उठून जाऊ शकत नाहीत. तोंड सरळ आहे ना, हे बघायला भेटेल त्याला ते आधी हसायला लावत, मग दोन्ही हात वर धरायला लावत. आमचा पोस्टमन त्यांच्या दारात सायकलवरून उतरतानाच हसत असे, म्हणजे वेळ वाचे. सुकी मासळी विकणाऱ्या कोळणीला त्यांनी मीठ कमी लावण्याचा सल्ला दिला. ती म्हणाली, “मास्तर, मीठ नाय लावलं तर पानी सुटंल मासलीला. मग तुमचं भासन खावाचं का लोकांनी?” माझ्या ओटीवर आमचे हे आमटीत वरून मीठ घेताना दिसले, की मास्तर मला विचारत, “बाय, तुम्हाला नवरा हवाय की बोंबील?”

सगळ्यात जास्त व्याख्यानं झाली ती या माझ्या ओटीवर. रोज संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि पाण्याच्या टाकीमागे बसलेल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करायचे. मी एकदा सांगितलं की मास्तर, मी हाताच्या अंतरावर आहे आणि मला अजून तरी ऐकू येतं. त्यांनी आवाज आणखी चढवला.

कारण ते माझ्याशी बोलतच नव्हते. माझ्या ओटीसमोर कुंपणापलीकडे त्यांच्या थोरल्या भावाचं, इनासचं घर होतं. दोघांची विहीर एक. पाण्याची पाळी ठरलेली: एक दिवस याच्या केळीला, एक दिवस त्याच्या. कधीतरी कुणाचा तरी पंप दुसऱ्याच्या पाळीत चालू राहिला. नेमका कुणाचा, यावर दोघांची मतं ठाम होती आणि वेगवेगळी होती. तेव्हापासून बोलणं बंद. अगदी बोलावंच लागलं तर माझ्यामार्फत. दोघं दहा पावलांवर उभे राहून मला सांगत, “बाय, तुमच्या शेजाऱ्याला म्हणावं, डुक्कर आवर.” दोघंही माझे शेजारीच, त्यामुळे निरोप कुणाला द्यायचा हे मला डुकरावरून ठरवावं लागे.

त्या रविवारी भाषणानंतर डॉक्टरांनी सगळ्यांचा रक्तदाब मोजला होता. रांगेत दोघा भावांच्या मध्ये रीतीप्रमाणे दोन माणसं होती. इनासच्या दंडाला पट्टा बांधून डॉक्टरांनी पारा पाहिला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला, आणि म्हणाले, या गोळ्या आजपासून घ्या, एक दिवसही चुकवू नका. हे रांगेत मागे उभ्या मास्तरांनी ऐकलं. इनासनं गोळ्या घरी नेऊन सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, पुतळ्यामागे ठेवल्या. मला काही झालंय का, असं तो बायकोला, लुसीला, विचारत असे. काही होत नव्हतं हे खरं, आणि लुसीनं ते काळजीनं मला सांगितलं, मी मास्तरांना.

भिंतीवरचं तोंड मग मी पुन्हा नीट पाहिलं. गाव म्हणे, मास्तरांनी आरशात बघून स्वतःचंच काढलंय. पण त्या तोंडाच्या भुवईत एक खाच होती. लहानपणी रहाटाचा दांडा लागून पडलेली ती खाच इनासची. ज्या भावाशी बोलता येत नव्हतं, त्याच्या पाणी सोडायला जायच्या वाटेवर मास्तरांनी त्यालाच रंगवून ठेवला होता. सांगायची पद्धत म्हणून मला ही फारशी सुटसुटीत वाटली नाही. इनासनं ते चित्र पाहून लुसीला म्हटलं होतं, मास्तराला अजून नाक जमत नाही.

मे महिन्यातली सकाळ होती. मास्तर त्या दिवशी लवकर आले, ओटीवर बसले, “वारं शिडाला” म्हणाले आणि थांबले. समोर बघत राहिले. इनासच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. भर उन्हाळ्यात, दिवसाउजेडी. मी काही विचारायच्या आत ते कुंपणाची काठी मोडून पलीकडे गेले होते. मी मागोमाग.

आत धूप, अंधार आणि ब्रँडीचा वास. इनास खाटेवर घोंगडीत. लुसी चमच्यानं त्याच्या तोंडात ब्रँडी घालायला वाकली होती. मास्तरांनी तिचा हात धरला. “वहिनी, त्याला गिळता येत नाही. ती छातीत जाईल.” ती रडत म्हणाली की वारं लागलंय, तेल आणायला माणूस गेलाय. मास्तरांनी एकेक खिडकी उघडली. उजेडात इनासचं तोंड दिसलं. माझ्या भिंतीवर होतं तसंच.

मास्तर खाटेशी वाकले. “दादा, मी अंतोन. हात वर कर.”

इनासनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना घालवून द्यायला हात उचलला. डावा. उजवा घोंगडीवर तसाच पडून राहिला.

पुढचं काम माझ्या पद्धतीचं होतं. ह्यांना टेम्पो काढायला लावला, केळीचे घड उतरवले, गादी टाकली, लुसीची पिशवी भरली, त्या गोळ्याही पुतळ्यामागून काढून बरोबर घेतल्या. इनासला कुशीवर निजवून मास्तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वसईच्या दवाखान्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मास्तर गप्प बसले तर गाव सुखी होईल असं आम्ही म्हणत असू. त्या दिवशी मला ते मुळीच सहन होईना.

इनास वाचला. लवकर आणलंत आणि काही पाजलं नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. पाय बराचसा परत आला, हात थोडा. वाचा मात्र गेली. समजायचं सगळं, पण शब्द सापडत नसे.

मास्तरांनी माझी ओटी सोडली. रोज संध्याकाळी भावाच्या ओटीवर पाटी घेऊन बसू लागले. केळं काढायचे, होडी काढायची, मांजर काढायचं, आणि वाट बघायची. वर्गात पोराला उत्तर पुरं करू न देणारा हा माणूस मांजरापुढे अर्धा अर्धा तास थांबे. मला तर कुंपणावरून ओरडून सांगावंसं वाटे. एकदा तोंड उघडलंही, तर त्यांनी मागे न बघता हातानंच गप्प केलं.

पावसाळा सरत आला आणि एका संध्याकाळी मास्तर आमच्या दारात धावत आले. धाप लागलेली, डोळे भरलेले. मी घाबरून टेम्पोची किल्ली शोधू लागले.

“बाय, दादा बोलला,” ते म्हणाले. “मी घोडा काढला होता. तो बघत बसला, बघत बसला, आणि मग पाटीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, गाढवा.”

मी म्हटलं, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? इतक्या वर्षांनी हाक मारली त्यानं. ओ दिली.”